रोहिणीच्या पोटात

दादाने सगळं मोजलं होतं. गोळ्याची रुंदी मोजली, घेर मोजला, बांबूच्या कामट्या मोजल्या, खळ किती लागेल तेही मोजलं. मोजायचं राहिलं ते फक्त आमच्या कारखान्याचं दार.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नाटकांसाठी, दुकानांसाठी, प्रदर्शनांसाठी आम्ही दोघं मिळून प्रतिकृती बनवतो. मिळून म्हणजे टेप आणि पेन्सिल त्याच्याकडे, सुई आणि झाडू माझ्याकडे. लहानपणी तो जाईल तिथे मी मागे मागे जायची, म्हणून घरात मला शेपूट म्हणायचे. आता माझे केस पिकायला लागले, तरी गिऱ्हाइकांना तो माझी ओळख अशीच करून देतो, "ही आमची शेपूट." गिऱ्हाईक हसतं. मीही हसते आणि मग दिवसभर शिलाई मशीन जरा जोरातच चालवते. एखादं काम मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत माझं असावं, एवढंच मला हवं होतं. मागितलं की दादाचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या वेळी बघू."

तारांगणाच्या दालनात मांडायला रोहिणीचा तारा हवा होता. तिथल्या बाई स्वतः येऊन समजावून गेल्या. शेजारी सूर्य ठेवायचा आणि त्याच मापाने रोहिणी करायची. सूर्याच्या साधारण चव्वेचाळीस पट रुंद.

दादाने माझ्या डब्याशेजारचं संत्रं उचललं. "हा सूर्य."

"वाटाणा घे," मी म्हटलं.

"सूर्य म्हणून वाटाणा?" दादा इतका दुखावला, जणू सूर्य आमच्या नात्यातला होता.

झालं. कामट्यांचा, कागदाचा, भगव्या रंगाचा, छताला टेकेल असा गोळा उभा राहिला. दादा त्याच्याभोवती नवरदेवासारखा मिरवत होता. उद्घाटनाला चार दिवस उरले आणि टेम्पो आला. टेम्पोवाल्याने गोळा पाहिला, दार पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, यातलं आधी काय बनवलं?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गोळा तिरपा करायला लावला. गोळा तिरपा केला तरी गोळाच. मग भिंत पाडायची भाषा सुरू झाली. तेवढ्यात बाई आल्या, तर दादा त्यांच्यावरच घसरला.

"एवढा राक्षसी तारा तुम्ही मागितलात! एवढा आकार, एवढं वजन..."

"वजन?" बाई म्हणाल्या. "वजनाला ती सूर्याहून थोडीशीच जास्त आहे. गाभ्यातलं इंधन संपलं आणि उतारवयात फुगली. फुगली म्हणून वरून थंडावली, म्हणून तांबूस दिसते. बाहेरचा थर तर असा विरळ, की आपली ही हवासुद्धा त्यापुढे दाट."

"म्हणजे नुसती फुगलेली?" मी विचारलं.

"नुसती फुगलेली."

"मग आपणही फुगवूया. कापडाची शिवू, तिथे नेऊन पंख्याने हवा भरू."

"कापडाचा गोल शिवता येत नाही," दादाने निकाल दिला.

मी टेबलावरचा सूर्य उचलला आणि सोलायला बसले. देठापासून खालपर्यंत सालीच्या उभ्या पट्ट्या काढल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये फुगीर. टेबलावर ओळीने मांडल्या. अशाच पट्ट्या कापडाच्या कापायच्या, कडेला कड जोडायची, की झाला गोल.

"सूर्य सोललास?" दादा ओरडला.

"आणि आता खाणार आहे." बाईंनीही एक फोड घेतली. "टेप इकडे दे, दादा."

त्याने टेप दिली. नाक मुरडून दिली, पण दिली.

मी कापत होते तेव्हा बाई ताऱ्याशेजारी लावायच्या पाटीवरचा मजकूर वाचून दाखवत होत्या. आपण तिला रोहिणी म्हणतो, तांबूस म्हणून. अरबांनी तिला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'मागून येणारा', कारण आकाशात कृत्तिकांचा पुंजका आधी उगवतो आणि ती त्याच्या मागोमाग.

"म्हणजे शेपूटच की!" दादा पोट धरधरून हसला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सूर्याला सहज पोटात घालेल अशी ही बया, आणि जगाने काय पाहिलं तर ती कोणाच्या मागून येते! मी कात्री आपटली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खरं म्हणजे कृत्तिका तिच्या कितीतरी पलीकडे आहेत. आपल्याकडून पाहिलं तर पुढे तीच आहे." दादाचं हसू जरा आखडलं.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी रोहिणी दालनात फुगली. फुगता फुगता तिने वरचा दिवा झाकला आणि सगळं दालन केशरी झालं. शेजारच्या स्टुलावर नवं संत्रं. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात मागच्या बाजूला टर्रकन आवाज झाला. शिवण उसवत होती. बाहेरून टाका घालायला सोय नव्हती. कोणाला न सांगता मी हवा सोडायला ठेवलेली चेन उघडून आत शिरले, चेन लावली आणि एका हाताने फट धरून दुसऱ्या हाताने टाके घालू लागले. बाहेर खुर्च्या सरकल्या, माणसं बसली. बाईंनी दादाला पुढे बोलावलं.

त्याने घसा खाकरला. "नमस्कार. हे काम आमच्या कारखान्याचं. आणि ही आमची शे..."

तो थांबला. वळला असावा.

"इथेच होती. माझ्या मागे."

लोक हसले. मी हात लांब केला तर कोपराने कापडाला फुगवटा आला. कोणीतरी ओरडलं, "तारा हलतोय!"

दादाची पावलं जवळ आली. कापडाला तोंड लावून त्याने विचारलं, "आत आहेस?"

"उसवलंय. पंखा बंद करू देऊ नकोस."

त्याची पावलं परत लोकांकडे गेली. मग दादा लोकांना म्हणाला, "माप तिचं, कल्पना तिची, शिवण तिची. माझा तारा दारातच अडकला होता. मी आज तिच्या मागून आलोय."

मला सुई दिसेना. किती वर्षं मी हे ऐकायची वाट पाहत होते, आणि ऐकलं तेव्हा रोहिणीच्या पोटात एकटी, नाक पुसायलाही हात मोकळा नाही.

"दादा," मी आतून ओरडले, "पंख्यामुळे ऐकू आलं नाही. परत सांग."

मला ऐकू आलंय हे त्याला चांगलंच कळलं होतं. तरी त्याने परत सांगितलं, अगदी मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.