फरशीवरचे चरे

"हे ऐका," कात्री म्हणाला. "'खलनायकाच्या घरातले पडदे आम्हा उभयतांना फार आवडले. कापड कुठं मिळेल ते कळवावं.' ह्याचं काय करू?"

"राहू दे. पडद्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय?" ताई म्हणाली.

वाहिनीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत ही दोघं समोरासमोर बसत. प्रेक्षक वाहिनीच्या पानावर जी मतं लिहून पाठवत, ती आधी ह्यांच्या डोळ्यांखालून जायची. शिव्या काढायच्या, जाहिराती काढायच्या, उरलेलं पुढं सोडायचं. हाताखालून एक वावगा शब्द सुटत नाही म्हणून त्याला सगळे कात्री म्हणत. तिला नुसतं ताई. नऊ वर्षं ती त्याच खुर्चीवर होती, तरी तिच्याविषयी कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. एकटी राहते, फोन लवकर उचलत नाही, दाराकडे पाठ करून बसत नाही, इतकंच.

शनिवारी दुपारी वाहिनीनं खास टीव्हीसाठी केलेला एक थरारपट दाखवला होता. बायको नवऱ्याला सोडते, घटस्फोट होतो, दुसऱ्या गावी जाते. पण तो काही पाठ सोडत नाही. तिच्या समोरच्याच घरात येऊन राहतो, तिच्या कुंड्यांना पाणी घालून जातो आणि शेवटी गच्चीवरून पडून मरतो. सोमवारी सकाळी चारशेवर मतं येऊन पडली होती. 'दोन तास फुकट गेले, आमच्या हिनं मात्र तीनदा बघितला.' 'नवरा इतका जीव लावतो आणि ही पळते, हल्लीच्या बायकांना सुख बोचतं.' 'गच्ची खोटी वाटली.' ताई एकेक वाचत होती, पुढं सोडत होती. सिनेमा तिनं बघितला नव्हता. असले सिनेमे ती बघत नसे.

अकराच्या सुमाराला आलेलं एक मत तिनं उघडलं.

'सिनेमात एक चूक आहे. ती बाई झोपताना दाराला आतून खुर्ची लावते. खुर्ची पुरत नाही. कपाट ओढावं लागतं. त्याचे फरशीवर चरे पडतात, ते दाखवायला हवे होते.' खाली सही होती: बाहुली.

जगात एकाच माणसानं ताईला ह्या नावानं हाक मारली होती. बारा वर्षांपूर्वी, जुन्या गावात. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि डोळ्यातली बाहुली म्हणजे काय ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला आरशासमोर बसवून दाखवलं होतं. "माझ्या डोळ्यात आहेस तू," म्हणाला होता. मग तिचं खरं नाव त्या घरात पुन्हा कुणी घेतलंच नाही.

गावात चष्मेवाल्याचं नाव चांगलं होतं. मऊ आवाज, म्हाताऱ्यांना हात धरून पायरी उतरवणारा. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही. ती कुणाशी दोन शब्द बोलली की तो नुसता अबोल व्हायचा. तिनं घाबरून दार लावून आतून कपाट ओढलं की दाराबाहेर जमिनीवर बसायचा आणि हळू आवाजात बोलत राहायचा, उजाडेपर्यंत. सकाळी चहा करून आणायचा. हे कुणाला सांगायचं, आणि सांगून काय म्हणायचं? मारत नाही, पीत नाही, बोलतो. लोक हसले असते.

"काय हो? चेहरा का उतरला?" कात्रीनं विचारलं.

"काही नाही. चष्मा बदलायला झालाय," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून तिनं चष्मा काढून ठेवला.

त्यानं शोधून काढलं, एवढं एकच तिच्या मनात घुमत होतं. त्या संध्याकाळी ती नेहमीच्या रस्त्यानं घरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता पुन्हा मत आलं. तिसऱ्या दिवशीही.

'सिनेमातला नवरा ओरडतो. खरा ओरडत नाही. त्याला वाटतं, ती परत येणार. म्हणून तो काहीच हलवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा त्याच महिन्यावर आहे.'

'कपाट ओढताना मला जोर लावावा लागत नाही. आधीच्या बाईनं पाडलेल्या चऱ्यांवर त्याचे पाय आपोआप बसतात. बाहुली.'

हे तिसरं ताईनं दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, आणि आलं ते पहिल्या भीतीपेक्षा वाईट होतं. हे तो लिहीत नव्हता. अकरा वाजता तो दुकानात असतो. त्या घरात आता दुसरी बाहुली होती.

आणि ती तिथं कशी आली, हे ताईला ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी तिला एका परक्या माणसाचा फोन आला होता. तिच्या मावशीकडून नंबर मिळवून, चाचरत बोलत होता. "माझ्या बहिणीचं चष्मेवाल्यांशी जमतंय. तुम्ही त्यांच्यासोबत राहिलात. माणूस कसा आहे, तेवढं सांगाल का?" ताईच्या घशाशी सगळं आलं होतं. पण हे त्याच्या कानावर गेलं तर, आपला पत्ता त्याला कळला तर, ह्या भीतीनं तिनं ते गिळलं. "आमचं पटलं नाही, एवढंच," ती म्हणाली होती. "माणूस वाईट नाही." फोन ठेवल्यावर तिनं नंबर बदलला होता.

मत पाठवणाऱ्यांना फोन नंबर द्यावा लागे; बाहेर तो दिसत नसे, ह्या दोघांना दिसे. प्रेक्षकाला परस्पर फोन करायचा नाही, हा कचेरीचा पहिला नियम. तिनं नंबर बघितला. जुन्या घरचा तो नंबर तिला पाठच होता. जिन्याखाली जाऊन तिनं तो फिरवला.

घंटी तीनदा वाजली. "हॅलो," पलीकडून दबका आवाज आला. "बाहुली बोलतेय."

ताईला क्षणभर वाटलं, आपणच उचलला.

"मी वाहिनीतून बोलतेय. तुमची मतं वाचली."

"तिथं कुणी उत्तर देत नाही म्हणून लिहिलं हो. काढून टाका ती. त्यांना कळलं तर…"

"काढली. कुणी बघितली नाहीत. मला एक सांगा, कपाटाच्या डाव्या दाराला खाली पोचा पडलाय ना?"

"तुम्ही त्या आहात," ती बाई म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "तुमचा फोटो आहे इथं. माझे केस तसेच कापायला लावलेत."

"मी उद्या येते. अकराला."

"साडेअकराला त्यांचा फोन येतो. उचलावाच लागतो."

"मग त्याच्या आधी निघू."

दुसऱ्या दिवशी ताई पहाटेची गाडी पकडून गेली. बारा वर्षांत गाव वाढलं होतं, पण पाय आपसूक वळत होते. दाराला कुलूप नव्हतं, कधीच नसे. दार उघडलं तशी ती उंबऱ्यातच थबकली. दारात जी उभी होती ती तिशीतली, सडसडीत. पण कानापर्यंत कापलेले केस, राखी स्वेटर, कोपराला लावलेलं ठिगळसुद्धा ताईच्या हातचं. जुन्या आरशानं आपलं रूप जपून ठेवावं आणि एक दिवस आपल्यालाच दार उघडावं, तसं वाटलं.

"आत या," ती म्हणाली, आणि ताईला पाणी दिलं ते कान तुटलेल्या कपात. ताईचाच कप. टेबलावर ताई वाचत होती ते मासिक त्याच पानावर पालथं पडलेलं. दाराशी तिच्या सपाता, पुसून ठेवलेल्या. कुठंही धूळ नव्हती. रोज कुणीतरी हे सगळं उचलून पुसून पुन्हा तसंच्या तसं ठेवत होतं.

"पुसते मीच," बाई म्हणाली. "एखादी वस्तू बोटभर सरकली तरी त्यांना कळतं. रागवत नाहीत. नुसते म्हणतात, ती आली की तिला ओळखीचं वाटायला हवं."

"आणि तू?"

"तोवर मी असते."

ताईनं पिशवी भरायला घेतली. भरायला फारसं नव्हतंच. त्या घरात त्या बाईचं असं काय होतं? दोन कपडे, एक कंगवा, शाळेचा दाखला. "भावाकडे का नाही गेलीस?"

"त्याला ह्यांनी सांगितलंय, मला भेटायचं नाही म्हणून. माझ्याच अक्षरात चिठ्ठी पाठवली. मी लिहिली होती. का लिहिली, ते आता आठवत नाही."

एवढ्यात फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात अजून साडेअकरा व्हायला दहा मिनिटं होती. बाईचा हात आपोआप पुढं गेला. ताईनं तो धरला. घंटी वाजत राहिली. मग ताईनंच फोन उचलून कानाला लावला. बोलली काही नाही.

"बाहुली?" तोच मऊ आवाज. ताई नुसती श्वास घेत उभी होती. पण त्यानं बहुधा तोच ओळखला.

"आलीस," तो म्हणाला. "मला माहीत होतं. बघ, सगळं जिथल्या तिथं आहे की नाही?"

एकदा तिला वाटलं, ठेवून द्यावा आणि पळावं, मागं पळाली होती तसं. शेजारी ती दुसरी, पिशवी छातीशी धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मी राहायला आले नाही," ताई म्हणाली. "हिला न्यायला आलेय."

"कुणाला?"

"तुमच्या बायकोला."

"अगं, पण तू तर…" तो खरोखरच गोंधळला होता. आवाजात राग नव्हता, सोंगही नव्हतं.

"ही सहा वर्षं इथं राहतेय. हिचं नाव काय, सांगा."

पलीकडे कुणी गिऱ्हाईक असावं; काच ठेवल्याचा आवाज आला. तो आठवत होता. ती वाट बघत राहिली, आणि त्या बाईलाही ते वाट बघणं कळलं असावं, कारण तिची मान हळूच खाली गेली. त्याला आठवलं नाही. ताईनं फोन ठेवला.

दोघी मागच्या गल्लीनं निघाल्या. दुकान मुख्य रस्त्यावर होतं, तिथून घर सात मिनिटांवर. कुणी मागं येत नव्हतं, तरी दोघी मागं बघत होत्या. भाजीवालीनं बघितलं, पुन्हा बघितलं; एकसारख्या दोन बायका, एक तरुण, एक पिकलेली. त्या निघणाऱ्या पहिल्याच गाडीत चढल्या आणि तीन गावं पलीकडच्या स्थानकावर उतरल्या. तिथून बाईनं भावाला फोन केला. ती "मी बोलतेय" म्हणाली, त्यापुढं तिला बोलवेना. पुढचं ताईनं सांगितलं.

दुपार कलता कलता भाऊ टेम्पो घेऊन आला. अवजड, घामेजलेला माणूस. बहिणीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला, कापलेल्या केसांशी तो अडखळला. ताईच उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला फोन केला होता. मी खोटं बोलले."

त्यानं तिच्याकडे बघितलं. आता तो काय बोलेल त्याची तयारी ती वाटभर करत आली होती.

"खोटं बोलताय, ते कळलं होतं मला," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. लग्न ठरल्यात जमा होतं, म्हणून विचारलं नाही."

त्यानं बहिणीची पिशवी घ्यायला हात पुढं केला. "राहू दे, दादा," ती म्हणाली, "हलकी आहे." तिनं ती स्वतः आत ठेवली, पुढच्या सीटवर चढून बसली, आणि खिडकीची काच खाली करता येते का ते बघू लागली. काच अडकली होती. तिनं दोन्ही हातांनी जोर लावून ती उतरवली.

उद्या कचेरीत जाऊन नियम मोडल्याचं आपण होऊन सांगायचं, हे ताईनं ठरवून टाकलं होतं. ती खुर्ची बहुधा जाईल. चष्मेवाला आता शोधत येईल, किंवा घरात बसून दोघींची वाट बघेल. काय ते तिला सांगता येत नव्हतं. टेम्पो वळणाआड गेल्यावरही ती बाकावर बसून होती. झाडणारी बाई फलाट झाडत जवळ आली आणि म्हणाली, "पाय वर घ्या जरा." ताईनं पाय वर घेतले, आणि खालून केर निघून जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.