खरडलेली नदी

मुलीने नकाशाचं कापड जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि वडिलांचं बोट धरून त्यावर टेकवलं.

"बाबा, हाताला काही लागतंय?"

"लागायला डोळे कशाला हवेत!" म्हातारा फिस्कन हसला. दृष्टी जाऊन चार वर्षं झाली होती, जिभेची धार मात्र तशीच होती.

चाळीस वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्याला जागा हवी होती, मंत्र्यांना फीत कापायची घाई होती, आणि नदी मेली नागमोडी! मग पाटबंधारे खात्यात नकाशे काढणाऱ्या ह्याच म्हाताऱ्याने साहेबांच्या हुकमावरून तिची वळणं ब्लेडने खरडून काढली आणि पट्टी लावून सरळ रेघ ओढली. त्याबरहुकूम नदी सरळ झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात खालच्या वस्तीत कमरेएवढं पाणी. आता कारखाना बंद पडला होता, आणि नदीला तिची वळणं परत द्यायचं काम नेमकं त्याच खात्यात लागलेल्या त्याच्या मुलीच्याच गळ्यात पडलं होतं. जुने नकाशे पुरात गेलेले. उरलं होतं हे एकच कापड. त्यावरचे ओरखडे तिला दिव्याखाली धरूनही दिसेनात.

बोट सरकू लागलं, मागोमाग पेन्सिल. पुलापाशी डावीकडे, शाळेमागून उजवीकडे.

"इथे ब्लेड मोडलं होतं," तो म्हणाला. "साहेब काय बोंबलला होता तेव्हा!"

मग बोट एका मोठ्या वळणात शिरलं आणि पेन्सिल थबकली. बुजवलेल्या पात्रावर आज तिथे खात्याची वसाहत होती. वसाहतीतलं तिसरं घर. म्हणजे हेच टेबल, हीच भिंत, जिच्या ओलीपायी आईने गवंड्याला जन्मभर शिव्या घातल्या.

रेघ इथून गेली तर हे घर पाडावं लागणार. ह्या घरात बाबा भिंतीला हात न लावता वावरायचे. दुसरीकडे ह्या वयात कुठे चाचपडत बसतील? वळण जरा अलीकडेच आवरलं तर कुणाला कळणार होतं? पेन्सिल हळूच बाजूला वळली.

"आवाज लांब गेला गं पेन्सिलीचा."

"बाबा, पुढे आपलं घर आहे."

"माहीत आहे की. घर मिळालं त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या आईला सांगायचा धीर मात्र कधी झाला नाही. बिचारा गवंडी!"

त्याने चाचपत तिचा हात शोधला, लहानपणी अक्षरं गिरवून घ्यायचा तसा मुठीत धरला, आणि पेन्सिल घरावरून पलीकडे नेली.

"हात सैल सोड," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा सरळच येईल."