माहेरी केलेली किल्ली

दोरीचं एक टोक पाळण्याला, दुसरं रागिणीच्या पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलत होता, बोटं मात्र कीबोर्डवर अडून बसली होती. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा येऊन थांबला: किल्लीचा परवलीचा शब्द टाका.

बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपून आज कामाचा पहिला दिवस. बाराला अकोल्याहून तिच्या साहेबांचा, कुंदन सरांचा फोन आला होता. "मॅडम, लॅबचा सर्व्हर अडकला. पेशंट रिपोर्टसाठी बसून आहेत. दोनपर्यंत सुरू करून द्या. जमून नसंन राहिलं तर सांगा, नितेशले देतो. लेकरू लहान आहे तुमचं."

बोलणं मायेचंच होतं. पण एकदा टीममधल्या नितेशकडे गेलेलं काम परत येत नाही, हे रागिणीला पक्कं ठाऊक होतं. आणि नवी किल्ली मागायची तरी त्यालाच.

सर्व्हर अकोल्यात, ती अमरावतीत, राजापेठेतल्या दुसऱ्या माळ्यावर. मधे ही किल्ली, म्हणजे लॅपटॉपमधली एक इवलीशी फाईल. रजेवर जायच्या आदल्या दिवशी तिने ती नव्याने बनवली होती. तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी, हिवरखेडला गेली होती आणि तिथूनच काम करत होती. शब्द कुठेच लिहिला नव्हता. विसरणार थोडाच होता.

तिने नवऱ्याचं नाव टाकून पाहिलं. गावाचं टाकलं. मैथिलीचंही टाकलं, मग स्वतःवरच चिडली. तेव्हा मैथिली जन्माला कुठे आली होती? दीड वाजला. खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न. पाळण्यातून कुरकुर आली. अंगठा जोरात हलला. तिने आईला फोन लावला.

"आई, तिकडं मी लॅपटॉपवर किल्ली बनवली, तवा तू बाजूलेच होती ना?"

"होतो ना. तुरी निवडून राहिलो होतो. तू बोटं चालवे अन् काहीच उमटे नाही. मले वाटलं, बिघडलं."

"ते दिसतच नाही, आई. काय लिवलं ते बोललो होतो का मी?"

"मले काय ठाऊक तुमचं इंग्रजी. पण तू रुसेल होती. कवठ मांगे अन् मी देल्लं नाही, खोकला होता तुले. तर म्हणे, आता कुलपालेच मांगतो."

रागिणीने कवठ टाकलं. नाही.

"नाही उघडलं, आई."

"कसं उघडीन? एवढासा शब्द चालत नाही म्हणे त्याले. मंग कवठ, कवठ, कवठ करत बोटं आपटली तू. तीनदा. लेकराची माय व्हाले निघाली अन् लेकरासारखी रुसली."

रागिणीने तीनदा लिहिलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. एन्टर दाबलं. क्षणभर नुसता काळोख, मग भराभर ओळी, आणि शेवटी लॅबच्या सर्व्हरचं नाव. ती आत होती. बंद पडलेला प्रोग्रॅम तिने सुरू केला, दोनदा तपासला. दोनला दहा कमी होते.

"उघडलं का वं?"

"उघडलं."

"मौसम आला का पाठवतो कवठं. पोरगी उठली वाट्टे, जाय."

'झालं सर,' एवढंच तिने कुंदन सरांना कळवलं. उत्तर लगेच आलं: 'बढिया. आणखी एक आहे, चारपर्यंत.'

रागिणीने मैथिलीला उचलून मांडीवर घेतलं. अंगठ्याची दोरी सोडायची राहूनच गेली होती. रिकामा पाळणा मागे हलत राहिला, आणि तिने उजव्या हाताने पुढच्या सर्व्हरचा पत्ता लिहायला घेतला.