मॉनिटरच्या तोंडातला बोळा

अतिदक्षता विभागात आठ खाटा, आठ मॉनिटर, आणि आठांच्याही भोंग्यावर कापसाचा बोळा ठेवून मारलेली चिकटपट्टी! नव्या नर्सने, म्हणजे आपल्या भिंगरीने, पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि ती चाटच पडली.

"हे काय हो, सिस्टर?"

"डोकेदुखीवरचं औषध!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. वीस वर्षं इथे त्यांचाच शब्द शेवटचा. "मेली दिवसभर बोंबलतात. लांडगा आला रे आला! कितीदा धावायचं?"

भिंगरी रोज पट्ट्या सोलायची, तासाभरात त्या परत चिकटायच्या.

आज सकाळी ती पाच नंबरच्या काकांना औषध द्यायला गेली, तर त्यांचे ओठ निळे! ऑक्सिजनची नळी सुटून पांघरुणात पडलेली, पडद्यावर आकडा सत्तर, आणि मॉनिटर बिचारा बोळ्याआड कुईकुई करतोय. तिने झटक्यात नळी जोडली. आकडा चढला, तेव्हा कुठे तिच्याही जिवात जीव आला.

"वाचले ना? मग झाकली मूठ," मोठ्या सिस्टर कुजबुजल्या. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे, बाई."

"कच्ची तर कच्ची!"

भिंगरीने आठही पट्ट्या सोलल्या, बोळ्यांसकट रजिस्टरच्या पानावर चिकटवल्या, खाली घडलेलं सगळं लिहिलं आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांपुढे पान धरलं.

"सर, तीन नंबरच्या आजींना नव्वद ऑक्सिजन पुरतो. दोन नंबरचा दादा पोहणारा, त्याची नाडी पन्नासच असते. आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, मग मशीन ओरडणार नाही तर काय करणार? ज्याची त्याची मर्यादा लावून द्या."

"हे कुठे शिकलीस?"

"मशीनच्या पुस्तकात आहे, सर. त्याचं प्लास्टिकसुद्धा कोणी फाडलं नव्हतं."

मोठ्या सिस्टरांनी तिला डोळ्यांनीच कच्चं खाल्लं. पण डॉक्टर खाटेखाटेपाशी थांबून आकडे सांगत गेले, भिंगरी ते लावत गेली. दुपारपर्यंत खोली इतकी शांत, की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

मग सहा नंबरचा मॉनिटर ओरडला. भिंगरी वळायच्या आत मोठ्या सिस्टर तिथे पोचल्या होत्या! सलाइनच्या नळीला पीळ पडून रक्तदाबाचं औषध अडलं होतं. त्यांनी तो सोडवला.

भिंगरीने चिकटपट्टीचं रीळ पुढे केलं. "लावू परत?"

"आगाऊ कुठली!" म्हणत सिस्टरांनी रीळ हिसकावून खिशात टाकलं. "ड्रेसिंगला लागतं."