उत्कर्षाचा दुसरा फ्लेक्स

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बाईंनी वर्गात फॉर्म वाटले. त्यात सातवा प्रश्न असा होता: तुम्ही दर महिन्याला स्वतःचे स्तन तपासता का? त्रेसष्ट मुली आणि त्रेसष्ट वेळा 'हो'. डॉक्टर होणाऱ्या पोरी त्या. प्रश्न दिसला की खरं काय ते नाही, बरोबर काय ते लिहायचं, ही बारावीपासूनची सवय. उत्कर्षानेही बिनदिक्कत 'हो'वर खूण केली आणि बसने मोशीला घरी आली.

पण ती खूण तिला दिवसभर टोचत राहिली. दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी न्हाणीघराचं दार लावून ती आरशासमोर उभी राहिली. तीन बोटं सपाट ठेवून गोल फिरवायची, काखेपर्यंत जायचं. सगळं तोंडपाठ होतं. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, बोटांखालून काहीतरी सटकलं. चिंचोक्याएवढं.

तिला आधी आला तो राग. सरावाच्या रबरी बाहुलीतली गाठ तिने चार सेकंदांत शोधून वर्गात शाबासकी मिळवली होती. स्वतःच्या अंगातली केव्हापासून होती कोण जाणे.

सोमवारी तिने आपल्याच कॉलेजच्या दवाखान्यात केसपेपर काढला. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला. "या वयात बहुतेक साधीच असते," सर्जरीच्या मॅडम म्हणाल्या, "पण रिपोर्ट आल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. पुढच्या गुरुवारी ये."

घरी सांगितल्यावर अर्जुनरावांचा चेहराच उतरला. मग ते ओरडायला लागले. घाबरलेला बाप दुसरं काय करणार?

"आपुन मुंबईला जाऊ. तिथं दुसरं नाव लावू. हितं कुणाला कळता कामा न्हाई. आत्ता कुठं स्थळं यायला लागल्यात!"

"अप्पा, मला प्रवेश मिळाला तवा चौकात माझा वीस फुटी फोटो लावला. 'मोशीची कन्या डॉक्टर झाली.' झाले बी नव्हते! तवा सगळ्या गावाला कळायला पायजे व्हतं. आन् आता मी आजारी हाय का न्हाई हे ठरायच्या आधीच लपवायची झाले व्हय?"

अर्जुनराव गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडले. उत्कर्षा घाबरली होती. पण बापाने तिची लाज वाटून घ्यावी, याची चीड त्या भीतीहून मोठी होती.

मंगळवारी तास सुरू व्हायच्या आधी ती वर्गात उभी राहिली. "सातव्या प्रश्नाला मी खोटं लिहिलं. त्यानंतर तपासलं, आणि मला गाठ सापडली."

"अगं गप," शेजारी बसलेल्या सायलीने तिची ओढणी ओढली. "मुलं ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांच्याही परीक्षेत येतं."

मग सायलीच हळू आवाजात म्हणाली, "मीपण खोटंच लिहिलं." बाईंनी फॉर्म पुन्हा भरून घेतले. या वेळी 'हो' फक्त नऊ आले.

रिपोर्टच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तिने नवनाथला मोबाइलवर मजकूर पाठवून फोन केला. पहिला फ्लेक्स त्यानेच छापला होता. मजकूर पाहून तो चाचरला. "ताई, ह्यो शब्द छापायचा?"

"छापायचा. मोठ्या अक्षरांत."

"आन् शुभेच्छुक? खालची पट्टी मोकळी बरी दिसत न्हाई."

"शुभेच्छुक कोणी नाहीत. मोकळीच ठेव."

नवनाथने अर्थातच लगोलग अर्जुनरावांना कळवलं. उत्कर्षा स्कूटरवरून दुकानात पोचली, तर अप्पा संगणकासमोर उभे होते आणि नवनाथ मान खाली घालून बसला होता. पडद्यावर जुनाच वीस फुटी फोटो. बाजूला लिहिलेलं: 'मला स्तनात गाठ सापडली. मीच शोधली. तुम्ही तपासलंत का?'

अप्पांनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं.

"रिपोर्ट उद्या हाय ना? साधा आला तर लाव की. वाईट आला तर..."

"वाईट आला तरी लावणार. म्हणून तर आजच लावतेय."

अप्पा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ती कधी काढायचे नाहीत ते.

"मला लई भ्या वाटतंय, पोरी."

"मला बी वाटतंय, अप्पा."

मग अप्पांनी डोळे पुसले, टोपी नीट बसवली आणि नवनाथकडे वळले. "माझा फेट्यातला फोटो हाय ना तुझ्याकडं? खालच्या पट्टीत घे. तिच्या आईचा बी घे. आन् शुभेच्छुक लिही, चांगलं ठळक."

संध्याकाळी फ्लेक्स चौकात लागला. रिपोर्ट गुरुवारी दुपारी आला, गाठ साधी निघाली. पण त्याच दिवशी सकाळी, अजून काहीच कळलेलं नसताना, अर्जुनराव मुद्दाम त्या फ्लेक्सखालच्या टपरीवर चहाला जाऊन बसले होते.

"अर्जुनराव," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हे काय भलतंच लावलंय राव चौकात?"

"वाचता येतंय ना तुला?" अर्जुनराव सगळ्या टपरीला ऐकू जाईल असे म्हणाले. "मग घरी जा आन् बायकोला वाचून दाखीव."