लेखकबाईंची काठी

आमच्या चर्चच्या लेखकबाईंना आता दिसत नाही. कान मात्र असे तिखट, की जिन्यावर कुणाची चप्पल वाजतेय ते खुर्चीत बसून सांगतात. प्रभूवर आणि माणसांवर त्यांनी ढीगभर पुस्तकं लिहिली. आमच्यात कुणी काही लिहिलं की कागद घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि समोर बसून मोठ्यानं वाचायचं. ऐकताना एखादी गोष्ट पटली नाही की बाई हातातली काठी जमिनीवर आपटतात. टक्. बोलत काही नाहीत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात आपल्यातल्याच एकाचं लिखाण वाचलं जातं, आणि ते कुणाचं, हे बाई ठरवतात.

यंदा ते माझं असणार, असं मी घरात आधीच जाहीर करून टाकलं होतं.

शाळेशी माझं फार जमलं नाही. अक्षरं जुळवता यायला लागली तेवढ्यात लग्न झालं आणि मी नवऱ्याच्या लाँड्रीत उभी राहिले. पण मला लिहायचं होतं, ते नातीसाठी. तिचे आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले. भिंतीवर त्यांचा कोटातला फोटो आहे, फोटोग्राफरनं दम देऊन बसवल्यासारखा. पोरगी त्यांना 'फोटोतले आजोबा' म्हणते. एकदा मला विचारते, "आजी, ते कधी हसायचे का गं?"

ज्या माणसाच्या हसण्यानं हँगरवरचे शर्ट हलायचे, त्याच्याबद्दल त्याच्याच घरात हा प्रश्न!

म्हणून कपडे बांधायच्या कागदांवर लिहायला बसले. सून शाळेत शिकवते. तिनं माझे ओबडधोबड शब्द काढून चांगले घातले. नणंद दुकानात आली, कागद बघून म्हणाली, "वहिनी, सही करताना तुझी जीभ बाहेर येते, आणि तू पुस्तक लिहिणार?"

"वन्सं, माझी जीभ बाहेरच असते. तुमच्याइतकं ते कुणाला ठाऊक?"

तर अशी मी लेखकबाईंच्या समोर जाऊन बसले आणि घसा साफ करून सुरू केलं.

"माझे पती अत्यंत ईश्वरभीरू, सात्त्विक व मितभाषी होते."

टक्.

"पहाटे उठून ते स्तोत्रपठण करीत."

टक्.

"ते कधीही कुणावर रागावले नाहीत."

टक् टक्.

मी कागद मांडीवर ठेवले. "बाई, जमिनीला भोक पडेल."

"पडू दे. अगं, हा तुझा नवरा आहे का चर्चच्या दारातला पुतळा?"

माझं डोकंच फिरलं. "लोक आपल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात. मी काय त्यांची बदनामी करू?"

"चांगलं लिही की! पण माणसाबद्दल लिही," बाई म्हणाल्या. "लाँड्रीवाली आहेस म्हणून नवराही धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून आणलास. आपला प्रभू जन्मला कुठे? गोठ्यात. त्यातला शेणाचा वास पुसून टाकला, तर नाताळ उरेल का? देवाला तुझ्या नवऱ्याची शिफारस लागत नाही. त्यानंच बनवलाय तो. ओळख करून द्यायची आहे ती नातीला. हा माणूस हसायचा कशाला, ते सांग."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय आठवलं? श्वास घेतलास आणि गिळलास."

"ते सांगायचं नाही. दुकानाची अब्रू आहे."

"मग दुकानाची जाहिरात लिही. नातीसाठी दुसरं कुणी लिहील."

मी उठलेच. चपलेत पाय घालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "वर येताना खालच्या शेजारणीशी भांडलीस ना? बादली मधे ठेवली म्हणून? मी सगळं ऐकलं. त्या भांडणातलं एक वाक्य जरी या कागदांवर असतं, तरी माझी काठी हलली नसती. देवानं तुला अशी जीभ दिली, ती काय नुसती बादल्यांवर खर्च करायला? जशी बोलतेस तशी लिही. लिहिताना लाज वाटली तर समज, रस्ता बरोबर आहे. आणि मला आधी वाचून दाखवू नकोस. मी सभागृहातच ऐकेन."

"म्हणजे यंदा माझंच?"

"तुझंच. पण काठी मी घरी ठेवून येणार नाही."

घरी येऊन सुनेला म्हटलं, तुझे शब्द परत घे. ती हिरमुसली. "आई, 'मितभाषी' किती छान होता!"

"छान होता गं. पण तुझ्या सासऱ्यांना तो बसत नव्हता. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखे दिसत होते."

आणि मग मी लिहिलं. जे आम्ही नवराबायकोनं जन्मभर दाबून ठेवलं होतं, तेच.

त्या संध्याकाळी सभागृहात मुलांनी कापलेल्या कागदी चांदण्या लटकत होत्या. खुर्च्या कमी पडल्या. पहिल्या रांगेत नणंद, तिच्या शेजारी लेखकबाई, काठी दोन्ही हातांत उभी धरलेली. समोर माझी सगळी गिऱ्हाइकं. ही सगळी उद्यापासून कपडे दुसरीकडे टाकतील, असं मनात आलं. मग नात दिसली, खुर्चीच्या टोकावर बसलेली. मी सुरू केलं.

"आमचे हे बडबडे होते. इस्त्री हातात असली की जास्तच. एका नाताळाला आपल्या चर्चच्या त्या वेळच्या पाळकांचा नवा पांढरा झगा इस्त्रीला आला. यांनी तो टेबलावर पालथा पसरला, आणि दारातल्या गिऱ्हाइकाला कसलीशी नक्कल करून दाखवायला लागले. नक्कल चांगली झाली. झगा जळला. बरोबर पाठीवर, इस्त्रीच्या आकाराचा, तपकिरी."

कुणीतरी खुसकन हसलं. काठी गप्प.

"मी रडायला लागले. हे तसेच झगा घेऊन पाळकांकडे गेले आणि म्हणाले, 'साहेब, माझ्या हातून जळला. भरून देईन. पण उद्या तुम्ही लोकांकडे पाठ करू नका.' पाळक आधी लाल झाले, मग झगा बघून खो खो हसायला लागले. आणि उपासनेत ते खरंच वळले नाहीत. वेदीकडे गेले ते उलटे चालत. परत आले ते लोकांकडे बघत. आमचे हे शेवटच्या रांगेत तोंडात रुमाल कोंबून बसले होते, आणि अख्खा बाक हलत होता. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी, फार पवित्र रीत आहे. काही जण तर वेदीकडून परतताना तसेच उलटे चालायला लागले. पुढच्या वर्षी एक वडीलधारे विचारत होते, ती सुंदर पद्धत बंद का केली?"

सभागृह फुटलं. मी हात वर करून थांबवलं.

"आमच्या दुकानावर पाटी आहे, 'इथे कपडा जळत नाही.' ती यांनी त्याच आठवड्यात रंगवली."

मग कुणालाच आवरेना. आणि त्या गदारोळात एक किंचाळी आली. नणंद उभी राहिली होती.

"वहिनी! म्हणजे मी एवढी वर्षं..."

झालं असं होतं, की त्या नाताळापासून आजतागायत आमच्या वन्सं वेदीपासून उलट्या चालत मागे येत. पोरांनाही तेच शिकवलेलं. आम्ही दोघांनी त्यांना कधी सांगितलंच नाही. सांगणार कसं? यांना तर ते बघितल्याशिवाय नाताळ गोड लागत नसे.

वाटलं, संपलं, आता या माझ्या तोंडाकडे बघणार नाहीत. वन्सं छताकडे बघून ओरडल्या, "दादा, मेल्या, वर भेट, मग बघते तुला!" आणि हसता हसता खुर्चीत कोसळल्या. हसत होत्या का रडत होत्या, ते त्यांनाच कळत नव्हतं. नात त्यांच्या गळ्यात पडून विचारत होती, "आजोबा असे होते? खरंच असे?"

मी शेवटची ओळ वाचायला घेतली. "अशा रीतीने प्रभूच्या अपार कृपेने आमचे जीवन..."

टक्.

"बरं, हे नाही वाचत," म्हणून मी कागदाची घडी घातली. टाळ्यांनी चांदण्या हलल्या.

दुसऱ्या दिवशी नाताळची उपासना. चर्च गच्च. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला वन्सं पुढे गेल्या, तेव्हा सगळ्या माना तिकडे. आज सरळ चालत येणार, असंच सगळ्यांना वाटलं. वन्सं वेदीसमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मग ताठ मानेनं, एक पाऊल, दुसरं पाऊल, उलट्या यायला लागल्या. पुढच्या बाकावरून माझी नात उठली, त्यांचा हात धरून तीही उलटी. त्यांच्या मागोमाग त्यांची नातवंडं. आताचे पाळक पुस्तकाआड तोंड लपवत होते.

माझ्या शेजारी लेखकबाईंनी कान टवकारले. "पावलं उलटी पडतायत गं?"

"हो."

"किती जणांची?"

"दिसत नाहीये, बाई. डोळे भरलेत."

बाईंनी काठी माझ्या गुडघ्यावर हळूच ठेवली. "मग हे पण लिही," म्हणाल्या. "पुढचं प्रकरण."