गाढवाने वसवलेली वाडी

गावाचा आणि भोवतालच्या वाड्यांचा इतिहास लिहायचं काम नगरपालिकेने साडूला दिलं, हे मास्तरांना दाढी करताना कळलं आणि हनुवटीवर कापलं. हे काम आपल्याशिवाय कोणाकडे जाणार, या भ्रमात ते होते. निवृत्त झाल्यापासून वाड्यावाड्यांतून हिंडत होते, पडक्या विहिरींचे दगड चाचपत होते. आणि साडू? औषधांचं दुकान चालवणारा माणूस. खोकल्याची बाटली देता देता म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचा, एवढीच त्याची पात्रता. पण गोड बोलून बाजी मारली बेट्याने. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर मदत मागायला साडू त्यांच्याच घरी आला.

"मास्तर, सगळं जुळत आलंय. आपल्या सासुरवाडीचंच तेवढं अडलंय. ती वाडी तिथे वसली कशी, काही पत्ता लागत नाही."

पत्ता मास्तरांनाही लागला नव्हता. पण तसं कबूल करतील तर ते मास्तर कसले.

"गाढवामुळे," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "कुंभार मडकी घेऊन बाजाराला निघालेला. उतारावर गाढव बसलं ते उठेचना. शेवटी बायकोने वैतागून तिथेच चूल मांडली. तीच आपली वाडी."

साडूने भक्तिभावाने सगळं टिपून घेतलं. मास्तर मनातल्या मनात हसले. छापून तर येऊ दे, वाडीची माणसं याची बिनपाण्याने हजामत करतील. आपलं गाव गाढवाने वसवलं, हे कोणाला खपेल?

पुस्तक निघालं. प्रकाशनाला अख्खी वाडी लोटली. साडूने ते पान वाचलं तेव्हा सभागृह पोट धरधरून हसलं आणि मग टाळ्या थांबेचनात. वाडीच्या वेशीवर गाढवाचा पुतळा बसवायचं तिथल्या तिथे ठरलं. मागच्या रांगेत मास्तर जळून खाक झाले.

घरी आल्यावर बायको पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसली. ते पान वाचून तिने डोळे पुसले.

"अगदी खरं लिहिलंय हो. आमचे आजोबा हेच सांगायचे."

"काय सांगायचे?"

"हेच. ते गाढव, ती मडकी. तुम्ही एवढी वर्षं इतिहास शोधत हिंडलात, मला कधी विचारलंत?"

आता मात्र मास्तरांना राहवेना. "अगं, ती गोष्ट माझी आहे. मी रचलेली. त्याला तोंडघशी पाडायला मीच सांगितली."

तिने चष्मा काढला आणि कीव आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरे झालं आता. भावोजींचं जरा कुठे चांगलं झालं, की तुमच्या पोटात दुखायला लागतं."

तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.